हातात दे

सिस्टरांची आणि माझी ओळख भांडणानं झाली. हर्सूलच्या रस्त्याला आमची कॉलनी. आम्ही तिथं राहायला येऊन चारसहा दिवस झाले असतील. गॅसवाला येणार होता आणि मला कामावर जायचं होतं, म्हणून किल्ली शेजारी ठेवावी असा विचार केला. मधल्या भिंतीपलीकडे एक उंच, सावळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या बाई कपडे वाळत घालत होत्या. "काकू, किल्ली ठेवलीय हं भिंतीवर, गॅसवाला आला तर तेवढं बघा," असं सांगून मी निघाले.

"उचल ती," मागून आवाज आला.

"काय?"

"किल्ली उचल अन् हातात दे."

मी तोंडाची फटकळ. "अहो काकू, माझी बस जाईल. भिंतीवरून काय पंख फुटून उडणारेय का ती?"

"बस दुसरी येईल. हातात द्यायची असंल तर दे, नाय तर घेऊन जा. भिंतीवरचं मी उचलत नसते."

मी परत फिरले, किल्ली त्यांच्या हातात दिली, आणि बस चुकली ती चुकलीच. दिवसभर ऑफिसात मी त्यांच्या नावानं बोटं मोडत होते. संध्याकाळी किल्ली न्यायला गेले तेव्हा ती चामड्याच्या एका छोट्या दोरीत ओवलेली होती. गोल विणीची, तपकिरी, बोटांत धरली की सोडू नये असं वाटणारी. "किल्ली नुसतीच व्हती. हरवली असती," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या तळहातावर ठेवून वर माझी मूठ मिटवली. एवढ्या वर्षांत मी घर बदललं, कुलूप बदललं. ती दोरी अजून तीच आहे.

त्यांचं नाव कौसल्या. आयुष्य सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेलं, त्यामुळं सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणायची. यजमान लवकर गेले होते, मुलगी नाशिकला. घरात एकट्या, पण घर कधी गप्प नसायचं, कारण त्या सतत कुणाला तरी रागावत असायच्या. नळावर, मांजरावर, टीव्हीतल्या बाईवर. रागावतानाही हातातलं काम थांबायचं नाही.

आणि ती हातात द्यायची सवय. त्यांच्याकडे काही द्यायचं-घ्यायचं असलं की ते हातातूनच. चहा आणला की कप टीपॉयवर टेकवायच्या नाहीत. तुम्ही हात पुढं करेपर्यंत कप धरून समोर उभ्या. दूधवाला पिशवी गेटला अडकवून जायचा, त्याचं दूध बंद झालं. कुरिअरच्या पोरानं एकदा खोकं पायरीवर ठेवून फोटो काढला, तर त्याला परत बोलावून खोकं उचलायला लावलं. "मावशी, सही झाली ना, आता काय प्रॉब्लेम आहे?" तो म्हणाला. "प्रॉब्लेम काय नाय. माझ्या हाताला काय झालंय का ते बघ," म्हणत त्यांनी दोन्ही हात पुढं केले. पोरगं हसलं आणि खोकं हातात देऊन गेलं. पुढं तो गेटवरूनच ओरडायचा, "सिस्टर, हात!"

आम्हाला वाटायचं, म्हातारीचा विक्षिप्तपणा. नर्स होत्या, त्यामुळं शिस्तीचं वेड असणार, असं मी नवऱ्याला सांगितलंही होतं. खरं कारण कळायला मला त्यांच्याकडं चामडं विणायला बसावं लागलं.

हे विणणं त्या निवृत्त झाल्यावर शिकल्या. शहराच्या छावणी भागात खलीलभाई म्हणून एक म्हातारे होते. वरातीच्या घोड्यांचे लगाम करायचे. सिस्टर पेन्शनच्या कामाला त्या बाजूला गेल्या होत्या आणि त्यांच्या दुकानापुढं थबकल्या. खलीलभाई पायाच्या अंगठ्यात वादीचा फास अडकवून वीण घालत होते. चामड्याची लांब पट्टी म्हणजे वादी. "तो हात बघितला अन् पेन्शनचं काम तिथंच ऱ्हायलं," सिस्टर सांगायच्या. "असाच हात माझ्या बापाचा व्हता." त्या रोज जाऊन उभ्या राहू लागल्या. म्हाताऱ्यानं आधी हाकललं, मग दुर्लक्ष केलं, शेवटी कंटाळून एक वादी हातात दिली आणि म्हणाला, "गीला चमड़ा सुनता बाई, सूका अपनी चलाता. पहले भिगाव, फिर बात करो." हे वाक्य सिस्टर आम्हाला त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायच्या. खलीलभाई गेले तेव्हा त्या मुलीच्या बाळंतपणाला नाशिकला होत्या, याची त्यांना फार चुटपुट होती.

आमचा वर्ग त्यांच्या ओट्यावर, रविवारी सकाळी. मी, ब्यूटी पार्लर चालवणारी निलोफर, कॉलेजातली एक मुलगी आणि बँकेतून निवृत्त झालेले देशमुखकाका. बादलीत वाद्या भिजत घातलेल्या असायच्या. त्या पिळून, फडक्यात गुंडाळून, ओल जराशी उरेपर्यंत थांबायचं. मग चार वाद्या एका फासात अडकवायच्या आणि तो फास पायाच्या अंगठ्यात. देशमुखकाकांनी पहिल्या दिवशी खिडकीच्या गजाला बांधू का, असं विचारलं. "गजाला काय कळतंय, तुम्ही किती वढताय ते?" सिस्टर म्हणाल्या. "अंगठ्याला कळतंय. काढा मोजे." काकांनी निमूटपणे मोजे काढले. निलोफरनं आदल्या दिवशीच नेलपॉलिश लावलं होतं, तिच्या अंगठ्यावर तर त्या खास लक्ष ठेवून असायच्या.

वीण सांगायला सोपी आहे. "कडेची उचल. मागून दोघींना वलांड, पुढून एकीवरनं परत आपल्या घरी ये. आता दुसरी कड." बस, एवढंच, आणि हेच पुन्हा पुन्हा. पण दोन्ही कडांचा ओढा सारखा लागतो. माझा कधी लागायचा नाही. ऑफिसात साहेबाशी वाजलेलं असलं की माझी वीण नागमोडी जायची. सिस्टर लांबून बघूनच सांगायच्या, "आज कुणाचा राग काढतीस वादीवर? उलगड." उलगड म्हटलं की उलगडायचं, चूक झाली तिथपर्यंत. वितभर पुढं आलेलं काम, तेही देशमुखकाकांसमोर, उलगडायला मला रडू यायचं. एकदा मी तशीच पुढं गेले. त्यांनी माझ्या हातातून वीण घेतली, स्वतः उलगडली आणि चारी वाद्या परत माझ्या हातात दिल्या. त्या दिवशी मला त्यांचा खूप राग आला आणि पुढच्या रविवारी मीच सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.

आम्ही किल्लीच्या दोऱ्या, पिशव्यांचे बंद, कुत्र्यांचे पट्टे करायचो. आसूड मात्र सिस्टर कधी करत नसत, कुणी मागितला तरी.

शहरात एकदा हस्तकलांचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथं सिस्टरांना टेबल मिळालं आणि टेबलामागं पाटी लावली होती, 'पारंपरिक कारागीर'. सिस्टरांनी पाटी वाचली, खुर्चीवर चढून ती काढली आणि आयोजकांच्या पोरीच्या हातात दिली. पोरगी घाबरली. "मॅडम, आम्ही आदरानं लिहिलं होतं."

"आदर ऱ्हाऊ दे. परंपरेनं मला हे शिकवलं नाय बाई. मी पेन्शनवाली हाय, माझ्या मनात आलं म्हणून शिकले. तसं लिव."

पोरीनं पाटीच्या मागच्या बाजूवर तसंच लिहून आणलं. 'मनात आलं म्हणून शिकलेल्या श्रीमती कौसल्या.' ते वाचून लोक हसायचे आणि थांबायचे.

पण खरी लढाई घरातच होती. सिस्टरांचे थोरले भाऊ दादा, निवृत्त मुख्याध्यापक, दोन गल्ल्या सोडून राहायचे. पांढरा शर्ट, खिशाला निळं पेन, बोलणं छापील. दादा चामड्याला शिवत नसत. पायात कापडी बूट, कमरेला कापडी पट्टा, घड्याळाचा पट्टासुद्धा स्टीलचा. बहिणीनं वाद्या भिजत घालायला सुरुवात केल्यापासून त्यांनी तिच्या घरचं पाणी सोडलं होतं. दर रविवारी मात्र ते ठरल्या वेळी गेटपर्यंत यायचे, बाहेरूनच "बरी आहेस ना?" म्हणायचे आणि जायचे.

वर्गात माणसं वाढली म्हणून सिस्टरांनी वस्तीच्या विहाराचा हॉल मागितला, तेव्हा बैठक बसली. मीही मागं जाऊन उभी राहिले. दादा शांतपणे बोलले. "बाबांनी ज्या दिवशी हे काम सोडलं त्या दिवशी आपण माणसं झालो. मी शाळा शिकलो, ही नर्स झाली, ते सोडलं म्हणून. आज हिच्याकडं बघून उद्या कुणी आपल्या पोरांना पुन्हा म्हणेल, तुमचंच काम आहे, करा. ही वाट मी उघडू देणार नाही." हॉलमध्ये बऱ्याच माना हलल्या आणि खरं सांगते, माझीही हलली.

सिस्टर उठल्या. "बाबांच्या गळ्यात हे काम बांधलं व्हतं, ते त्यांनी तोडून टाकलं. माझ्या गळ्यात कुणीच काय बांधलेलं नाय. मी माझ्या मर्जीनं हातात घेतलंय. ही मर्जी मला कुणी दिली? दीक्षेनंच दिली ना? मग तिच्यावर कुलूप घालणारे तुम्ही कोण? मी पायजे तवा करीन, नको तवा सोडीन, अन् नाय म्हणायचं त्याला नाय म्हणीन. तेवढं नाय म्हणता यावं म्हणूनच बाबांनी सोडलं व्हतं."

हॉल मिळाला नाही. आमचा वर्ग ओट्यावरच राहिला, आणि निम्मे लोक पायऱ्यांवर बसायला लागले.

त्या बैठकीनंतर सिस्टरांनी मला त्यांच्या बापाची गोष्ट सांगितली, वाद्यांच्या कडा तासता तासता. पिशोरच्या बाजूला त्यांचं खेडं. वडील सखाराम गावाचे आसूड करायचे. पोळ्याच्या सकाळी पाटलांच्या घरी नवा आसूड न्यायचा. तो हातात द्यायचा नाही. खालच्या पायरीवर ठेवायचा, मागं सरायचं. मग वरून पाणी शिंपडून घरातला कुणीतरी तो उचलणार. दीक्षा घेतल्यावरच्या पोळ्याला सखाराम आसूड घेऊन गेले आणि पायरीशी उभे राहिले. ठेवला नाही, हातात धरून उभे. बैल सजून तयार, वाजंत्री थांबलेली. "ठेव," वरून सांगितलं. सखारामांनी ठेवला नाही. शेवटी आसूड घेऊन ते तसेच माघारी आले. घरी येऊन रापी, आरी, सगळी हत्यारं विहिरीत टाकली आणि हे काम करायचं नाही अशी पोरांना शपथ घातली. सिस्टर तेव्हा लहान होत्या, बापाचं धोतर धरून शेजारी उभ्या होत्या. "बापाचे हात कसे थरथरत व्हते ते मला खालून दिसत व्हतं," त्या म्हणाल्या. मला माझी भिंतीवरची किल्ली आठवली. मी कडा तासत राहिले.

आणि गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी त्याच घरातून माणूस आला. राजेंद्र नावाचा, पाटलांचा नातू, चांगला बोलका. प्रदर्शनात त्यानं सिस्टरांचं काम पाहिलं होतं आणि त्या कुणाच्या मुलगी हेही चौकशी करून काढलं होतं. "ताई, आमचे आप्पा आता थकलेत. यंदा फार्महाउसवर बैल सजवायचेत. आप्पा म्हणतात, सखारामच्या विणीचा आसूड एकदा हातात धरायचाय. तुम्हीच करू शकता."

मला वाटलं, आता त्याची काही धडगत नाही. पण सिस्टरांनी हातातला फेरा पुरा केला. मग म्हणाल्या, "करते. पण तुमच्या आप्पांनी माझ्या घरी यायचं, अन् माझ्या हातातून घ्यायचा."

"अहो ताई, त्यात काय! आता कोण पाळतं तसलं?"

"बरं मग," सिस्टर म्हणाल्या.

तो आसूड त्यांनी कसा केला ते मी पाहिलं आहे. मुठीकडं जाड, पुढं निमुळता होत टोकाला शेपटासारखा बारीक. बापाची वीण लहानपणी पाहिलेली, तेवढ्याच आठवणीवर. कितीदा उलगडला असेल. बोटांच्या पेरांना चिकटपट्ट्या गुंडाळून बसायच्या. पुरा झाला त्या संध्याकाळी त्या दादांच्या घरी गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "रविवारी आप्पा पाटील यायचेत. तू येऊन बस. पाणी नको पिऊ, बोलू नको, नुसतं बस."

दादा आले. ओट्याच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत, कापडी बूट जुळवून, बादलीकडं पाठ करून बसले. आमचा वर्ग चालूच होता. गाडीतून राजेंद्रनं आप्पांना धरून उतरवलं. पांढराशुभ्र पटका, हातात काठी, नजर अजून तीक्ष्ण. खुर्चीत टेकल्यावर त्यांनी सिस्टरांकडं निरखून पाहिलं.

"सख्याची पोर ना गं तू?"

"सखारामांची," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी चहा पुढं केला. "शुगर हाय मला," आप्पा म्हणाले. सिस्टरांनी कप राजेंद्रला दिला, आत गेल्या आणि दोन्ही तळहातांवर आसूड घेऊन आल्या. आप्पांचा चेहरा उजळला. ते पुढं वाकले. "वा! तोच पीळ गं. तोच." डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं त्यांच्या. मग त्यांनी काठीनं समोरच्या पायरीवर टकटक केलं आणि पंखा लाव म्हणावं इतक्या सहज म्हणाले, "ठेव तिथं."

आमची बोटं थांबली. राजेंद्र घाईनं म्हणाला, "आप्पा, हातात घ्या की."

"ठेव बाई, राजा उचलंल," आप्पा म्हणाले. दोन्ही हात काठीच्या मुठीवर.

राजेंद्रनं हात पुढं केला. सिस्टर मागं सरल्या. "तुम्ही नाय, राजूभाऊ. बोलणं आप्पांचं झालं व्हतं."

त्या तशाच उभ्या राहिल्या. आसूड जड होता आणि त्यांचं वय काही कमी नव्हतं. थोड्या वेळानं आसूड खाली झुकायला लागला. मी आधार द्यायला उठले, तर त्यांनी एका नजरेनं मला खाली बसवलं.

"तुझा बापबी असाच हुभा ऱ्हायला व्हता," आप्पा म्हणाले.

"ठावं हाय मला. मी शेजारी व्हते. अन् तुम्ही वरच्या पायरीवर व्हता."

आप्पांनी काठी जवळ ओढली. "मग आता या वयात मला कशाला बदलायला निघालीस?"

"नका बदलू. आसूड ऱ्हाईल माझ्याकडं."

आप्पा उठले. राजेंद्रची मान खाली. त्यानं हात जोडले आणि म्हाताऱ्याला धरून नेलं. गाडी सुरू झाली, वळली, गेली, तरी सिस्टरांनी हात खाली घेतले नाहीत. देशमुखकाका हळूच म्हणाले, "सिस्टर, ठेवा आता." त्यांना ऐकू आलं नसावं किंवा आलं असावं.

"आण इकडं," कोपऱ्यातून आवाज आला.

दादा खुर्चीतून उठले होते. दोन्ही हात पुढं केलेले. सिस्टर वळल्या आणि भावाकडं अशा बघत राहिल्या की जणू त्याला ओळखत नाहीत. मग त्यांनी आसूड त्या हातांत दिला.

दादांनी तो घेतला, मुठीपासून टोकाकडं अंगठा फिरवत नेला आणि मध्येच थांबले. "हितं एक पेड ढिला ऱ्हायलाय," ते म्हणाले. छापील बोलणारे दादा असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला बाबांनी शिकवलं व्हतं."

सिस्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अन् मी त्या खलीलभाईच्या दुकानापुढं उन्हात उभी ऱ्हायचे, तवा तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसला व्हतास?"

"बाबा म्हणाले, हे येतंय म्हणून कुणाला सांगू नको. शाळेत कळलं तर तुला वर्गात बसू द्यायचे नाहीत, हेच करायला लावतील." दादा खाली बघत होते. "शाळा सुटली, नोकरी सुटली. सांगायचं ऱ्हाऊनच गेलं."

सिस्टर भडकल्या होत्या, खूप भडकल्या होत्या, आणि रडतही होत्या. दादा खुर्चीत बसले. उजवा कापडी बूट काढला, मोजा काढून नीट घडी करून बुटात ठेवला, फास अंगठ्यात अडकवला आणि त्या ढिल्या पेडापर्यंत आसूड उलगडायला लागले. पाणी मागितलं. सिस्टरांनी तांब्या हातात दिला आणि ते घटाघटा प्यायले.

आसूड सिस्टरांच्या बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असायचा. तो पाटलांकडं गेला नाही. राजेंद्र एकदा एकटाच येऊन चहा पिऊन गेला, तेव्हाही त्यानं मागितला नाही.

यंदा उन्हाळ्यात सिस्टरांना झटका आला. उजवी बाजू गेली. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा दादा पलंगाशेजारी स्टुलावर बसले होते, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा, अंगठ्यात फास. सिस्टर वाकड्या तोंडानं त्यांना काहीतरी सांगत होत्या. मला वाटलं, पाणी हवंय. "ओढा सारखा नाही म्हणतेय," दादा म्हणाले आणि उलगडायला लागले.

तेवढ्यात नर्स आली. नवीन, घाईतली पोरगी. तिनं गोळ्यांची वाटी पलंगाजवळच्या टेबलावर ठेवली आणि पुढच्या खाटेकडं वळली.

"ए," सिस्टर म्हणाल्या. शब्द जड येत होते, पण आला तो स्पष्ट आला. "हातात दे."

"आजी, तुमचा हात चालत नाही ना?"

"दुसरा हाय."

त्यांनी डावा हात चादरीतून बाहेर काढला आणि पुढं केला.  मी उठले नाही, दादाही उठले नाहीत. पोरगी परत फिरून वाटी उचलेपर्यंत सिस्टरांनी तो तसाच धरून ठेवला.